भांडायला सवड नाही

भांडायचं असेल तर माणसाने आपल्या घरात भांडावं. तिकिटं काढून, पासपोर्टवर शिक्के मारून, दोन कच्चीबच्ची काखोटीला मारून समुद्रापलीकडे भांडायला जाणारी बाई जगात एकच असेल, आणि ती म्हणजे आपली धाकटी.

घरात तिला लहानपणापासून धाकटीच म्हणत, कारण वर एक मोठी होती. मोठी म्हणजे तिची ताई. ताई परदेशात, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला. एकटी, टापटिपीची, घडीची बाई. धाकटी वीज कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकायचा, "नोंद केली आहे हो" म्हणायचं आणि घरी येऊन पोरांचा आरडाओरडा ऐकायचा. सगळ्या गावाच्या तक्रारी तिच्या कानात, तिची एक तक्रार मात्र कोणाच्या कानावर जाईल तर शपथ.

ती तक्रार अशी, की आई वर्षभर धाकटीच्या घरी अंथरुणावर होती आणि ताई एकदासुद्धा आली नाही. फोन केला की एकच पालुपद, "रजाच मिळत नाही गं." आई गेली, तेव्हाही आली नाही. त्यालाही आता वर्ष उलटलं होतं. धाकटीने भांडी घासता घासता, स्कूटर चालवता चालवता ते सगळं भाषण मनात तयार केलं होतं. पहिलं वाक्य ठरलेलं, शेवटचं ठरलेलं, मध्ये रडायचं कुठे तेही जवळजवळ ठरलेलं. पण फोनवर दोन वाक्यं झाली की टिल्लू बटण दाबून फोन बंद करायचा. टिल्लू म्हणजे तिचा तीन वर्षांचा मुलगा. बटण दिसलं की दाबायचं, एवढंच त्याचं आयुष्यातलं ध्येय. म्हणून तिने ठरवलं, आता समोरासमोर. नवऱ्याला म्हणाली, "पोरांना एकदा मावशी दाखवून आणू." खरं कारण सांगितलं असतं तर त्याने तिकिटं काढली नसती.

नवरा गोदाम सांभाळायचा. बिचारा गरीब, पण गोदाम त्याच्या डोक्यातून कधी बाहेर निघत नसे. बॅगा भरायची वेळ आली तशी त्याने चौघांचे कपडे पलंगावर ओतले आणि त्यांचे ढीग केले. एका बॅगेत सगळ्यांचे सदरे आणि स्वेटर. दुसरीत सगळ्यांचे बूट-मोजे. तिसरीत खाणं आणि औषधं. चौथीत कमरेखालचं सगळं, म्हणजे पँटी, पायजमे, चड्ड्या, टिल्लूचे डायपर.

"अहो, प्रत्येकाची वेगळी बॅग करा ना," धाकटी म्हणाली.

"एका जातीचा माल एका जागी. शोधायला सोपं पडतं."

"आणि एखादी बॅग हरवली म्हणजे?"

"माल कधी हरवत नसतो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "फक्त चुकीच्या जागी जातो."

पुढे हेच वाक्य धाकटीने त्याला किती वेळा ऐकवलं याची गणती नाही.

विमानात काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. लहान मुलं घेऊन विमानात बसलेल्याला ते ठाऊक असतं आणि न बसलेल्याला सांगून पटत नाही. टिल्लूने हवाई सुंदरीला बोलवायचं बटण शोधून काढलं, एवढ्यावरून ओळखा. आणि सहा वर्षांची पोर, जिला सगळे फौजदार म्हणत, तिने शेजारच्या गृहस्थांची उलटतपासणी घेतली. तुमचे केस कुठे गेले, तुम्ही एकटेच का, तुमची बायको तुम्हाला सोडून गेली का. नशीब, त्या गृहस्थांना भाषा कळत नव्हती. ते नुसते हसून मान डोलवत राहिले, आणि फौजदारने आईला अहवाल दिला, "सोडून गेली म्हणतात."

उतरल्यावर सरकत्या पट्ट्यावर सदऱ्यांची बॅग आली, बुटांची आली, खाण्याची आली. कमरेखालची आली नाही. पट्टा रिकामा फिरत राहिला आणि चौघं त्याच्याकडे बघत राहिली. नेमक्या त्याच मुहूर्तावर टिल्लूचा डायपर फुटला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

नवरा खिडकीवर तक्रार देऊन आला. "म्हणाले, नोंद केली आहे."

धाकटीने कपाळावर हात मारला. त्या तीन शब्दांची किंमत तिच्याइतकी कोणाला माहीत असणार!

ताई न्यायला आली होती. मिठ्या झाल्या, डोळे पुसून झाले. धाकटीच्या ओठांवर ते पहिलं वाक्य आलंसुद्धा होतं, पण ओल्या, उघड्याबोडक्या पोराला सदऱ्यात गुंडाळून उभ्या असलेल्या बाईला "आई जात होती तेव्हा तू कुठे होतीस?" असं करारी आवाजात विचारता येत नाही. तिने ते गिळलं आणि गाडीत बसली.

ताईचं घर आठव्या मजल्यावर. पांढरा सोफा, काचेचं टेबल, भिंतीला टेकून ओळीने ठेवलेल्या चपला. धाकटीने आधी टिल्लूचा हात घट्ट धरला. टिल्लूने सोफ्याकडे पाहिलं, आणि पोराच्या चेहऱ्यावर प्रेमच उमटलं.

रात्री ताईने कपाटातून स्वतःची पँट काढून दिली. "घाल गं, तुला होईल."

अहो, इथे तर धाकटीच्या डोक्यात सणकच गेली. जन्मभर तिने ताईचे उतरलेले कपडे घातले होते. ताईचा फ्रॉक, ताईचा गणवेश, ताईचा रेनकोट, कोपराला ठिगळ लावलेला ताईचा स्वेटर. पहिला पगार झाला तेव्हा तिने स्वतःसाठी नवा ड्रेस घेतला होता आणि शपथ घेतली होती, मेले तरी पुन्हा ताईचं घालणार नाही. आणि आता परदेशात येऊन, दोन पोरांची आई होऊन, पुन्हा तेच. पँट लांब होती. पाय दुमडावे लागले, तेही पूर्वीसारखेच. ताईशी भांडायचं आणि तेही ताईची पँट घालून, म्हणजे भांडणाची अर्धी हवा आधीच गेली.

नवरा नवी पँट घ्यायला तयार नव्हता. "माल वाटेत आहे. दुप्पट खरेदी कशाला?" पोरांपुरत्या दोन-दोन चड्ड्या आणि डायपर घेतले, बाकी त्याची एकच पँट. ती धुतली की तो ताईचा टॉवेल गुंडाळून पांढऱ्या सोफ्यावर बसायचा आणि रोज विमान कंपनीला फोन लावायचा. मेव्हणीसमोर टॉवेलवर बसलेला जावई! त्याला काही नाही, धाकटीलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि भांडणाचं म्हणाल तर एकेक प्रयत्न असा. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चहा टाकत होती. धाकटी दाराशी उभी राहून म्हणाली, "ताई, मला तुला एक विचारायचं आहे." ताईचा हात चमच्यावर थांबला. "विचार ना." तेवढ्यात सोफ्याकडून फौजदारची आरोळी आली, "आई, टिल्लूने सोफ्याला दूध पाजलं!" झालं. तासभर दोघी फडकी घेऊन सोफा पुसत होत्या. तिसऱ्या दिवशी बागेत घसरगुंडीजवळ जरा निवांत बाक मिळाला, तर टिल्लू एका परक्या पोराच्या बादलीसाठी त्या पोराला चावला. त्याच्या आईची माफी मागण्यात उरलेली दुपार गेली. चौथ्या दिवशी दोन्ही पोरं चक्क एका वेळी झोपली. धाकटीने देवाचे आभार मानले, ताईला हाक मारली, आणि हाक ऐकून टिल्लू उठला.

धाकटीला आता पोरांचा राग येत होता की ताईचा, हेही कळेना. नवऱ्याला म्हणाली, "माणसाने मूल झाल्यावर भांडायचंसुद्धा नाही का हो?" तो टॉवेल सावरत म्हणाला, "माझ्याशी भांडतेस की." त्याला काय सांगणार!

पाचव्या दिवशी ताई सगळ्यांना आपली कामाची जागा दाखवायला घेऊन गेली. लांबच लांब टेबलं, प्रत्येकावर दिवा, आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडेच जबडे. कोणाचे तीन दात, कोणाचे नुसते हिरड्यांचे चढउतार. ताई एका जबड्यावर मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवून दाखवत होती. चिमट्याने दात उचलायचा, कोन बघायचा, गरम पात्याने मेण किंचित वितळवायचं. फौजदार तोंड उघडं टाकून बघत होती. "मावशी, ही माणसं मेली का?" "नाही गं, जेवायची वाट बघतायत."

तिथली प्रमुख एक म्हातारी बाई होती, चष्मा डोक्यावर, हातांवर प्लॅस्टरची भुकटी. तिने धाकटीचा हात हातात घेतला आणि सावकाश, सोप्या शब्दांत म्हणाली, की तुमच्या आईचं ऐकून वाईट वाटलं. बरं झालं, मोठ्या मुलीला शेवटी आईजवळ राहता आलं. आम्ही तिला लगेच तीन आठवडे रजा दिली होती. अशा वेळी आईजवळच असायला हवं.

धाकटीला ती भाषा कचेरीच्या कागदांपुरतीच येत होती, पण एवढं कळायला काही फार लागत नाही. तिने ताईकडे बघितलं. ताई मान खाली घालून जबड्यात दात बसवत होती, आणि तो दात काही केल्या बसत नव्हता.

रजा मिळाली होती! तीन आठवडे! मग ही बया होती कुठे? धाकटीच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते आलं. फिरायला गेली? कोणाबरोबर गेली? आपण तिकडे आईच्या पाठीला पावडर लावत होतो आणि ही? इतके दिवस तिला वाटत होतं, आपला प्रश्न "का आली नाहीस" असा आहे. आता कळलं, त्याचं उत्तरच खोटं होतं. परतीच्या बसमध्ये ती दातओठ खात बसली. बोलणार कशी? मांडीवर एक झोपलेलं, दुसरं विचारतंय, "आई, तुझं नाक लाल का झालंय?"

जायला आता दोनच दिवस उरले. दुसऱ्या दिवशी दुपारी विमान कंपनीचा फोन आला, बॅग सापडली, विमानतळावर येऊन घेऊन जा. नवऱ्याला असा आनंद झाला, जणू पोरगं पहिलं आलंय. "बघ! म्हटलं नव्हतं? चुकीच्या जागी गेली होती फक्त." अर्धवट ओली पँट अंगावर चढवून, घराची किल्ली खिशात टाकून तो गेला.

पोरं टीव्हीसमोर बसली होती. ताई धुतलेले कपडे घेऊन बाल्कनीत गेली, आणि धाकटीने बघितलं, हीच संधी. उरलेल्या चड्ड्या उचलून ती मागोमाग गेली आणि वाऱ्याने पोरांना थंडी वाजू नये म्हणून काचेचं दार ओढून घेतलं.

खट्.

दोघींनी वळून बघितलं. काचेच्या पलीकडे टिल्लू उभा होता. दाराच्या मुठीखाली एक छोटं बटण होतं. ते त्याने दाबलं होतं. आठवडाभर ते दाबायचं राहून गेलं होतं, आज जमलं, म्हणून तो खूष होता.

"उघड बाळा! वर ओढ! फौजदार, ए फौजदार, बटण वर ओढ!"

फौजदार आली, दोन्ही हातांनी ओढून बघितलं. बटण घट्ट. तिने काचेला तोंड लावून आतून काहीतरी सांगितलं, बहुधा "होत नाही", आणि जाऊन पुन्हा टीव्हीसमोर बसली. टिल्लूने काचेला ओठ लावून दोघींना पापी दिली आणि तोही गेला.

दोघींचे फोन आत. धाकटीने काचेतून भराभर नजर फिरवली. शेगडी बंद, खिडक्या बंद, सुऱ्या वरच्या कपाटात, पोरं दोन्ही समोर दिसतायत. समोरच्या इमारतीत एक आजोबा कुंड्यांना पाणी घालत होते. ताईने दोन्ही हात हलवून मदत मागितली. आजोबांनी आनंदाने हात हलवला आणि आत निघून गेले.

"आता भावजी येईपर्यंत इथेच," ताई म्हणाली, आणि हसायला लागली.

"हसू नकोस," धाकटी म्हणाली. "तुला रजा मिळाली होती."

ताईचं हसू जागच्या जागी विरलं. हातातली टिल्लूची चड्डी तिने दोरीवर टाकली, चिमटा लावला, पुन्हा काढला.

"हो. मिळाली होती."

"मग कुठे होतीस?"

"घरी."

"कुठल्या घरी?"

"ह्याच. तिकीट काढलं होतं गं. विमानतळावर गेले, बॅग दिली, आत जाऊन बसले. सगळे उठून विमानात गेले. माझं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं. मी उठले नाही. मग परत आले आणि पडदे लावून बसले. रजा संपेपर्यंत. दुकानातसुद्धा जात नव्हते, कामावरचं कोणी बघेल म्हणून. त्यातच तुझा फोन आला, आई गेली म्हणून."

धाकटीचं तयार केलेलं भाषण कुठल्या कुठे पळालं. जे तोंडात आलं ते आलं. "इथे बसलीस? पडदे लावून? आणि मी तिकडे मरत होते! एका बाजूला टिल्लू, एका बाजूला आई, एकाच दुकानातून दोन मापांचे डायपर आणत होते मी! रात्रीची झोप नाही, कचेरीत लोकांच्या शिव्या. आईला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, ताई, दोन! दुसरं कोण होतं? तुझी वाट बघून डोळे फुटले माझे. लाज नाही वाटली तुला?"

"वाटली. अजून वाटते."

"मग का नाही उठलीस?"

"भीती वाटली." ताईचा आवाज इतका बारीक झाला, की वाऱ्यात ऐकू येईना. "निघायच्या आदल्या रविवारी व्हिडिओ कॉल केला होता. फोन फौजदारने धरला होता, तू टिल्लूला आंघोळ घालत होतीस. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बाई, तुम्ही कोण? अगदी अदबीने. परक्या माणसाला विचारतात तसं. विमानतळावर बसले आणि तेच डोक्यात. इतक्या लांबून जायचं, समोर उभं राहायचं, आणि तिने पुन्हा विचारलं, तुम्ही कोण, तर मी काय करू? तुझं बरं होतं गं. तुला ओळखत तरी होती."



"मला?" धाकटी म्हणाली. "मला ओळखत होती? हे कोणी सांगितलं तुला?"

"म्हणजे?"

"अगं, ती मला तू समजायची!"

नेमकं तेव्हाच आतून काचेचं दार उघडलं. नवरा, घामाघूम, हातात बॅग. "आली! म्हटलं नव्हतं? आणि तुम्ही दोघी इथे गारठ्यात काय..." त्याच्या पायांतून टिल्लू बाहेर घुसला, मागून फौजदार, "आई, मला शू लागली, मला भूक लागली, टिल्लूने रिमोट फोडला!" सगळं एकदम.

धाकटीने सवयीने पाऊल उचललं. पण ताईने तिचा दंड धरला. दुसऱ्या हाताने टिल्लूला उचलून त्याच्या बापाच्या खांद्यावर ठेवलं.

"भावजी, पोरांना आत घेऊन जा. आणि कोणी मेलं तरच हाक मारा."

आठवडाभर मऊ आवाजात बोलणाऱ्या मेव्हणीचं हे रूप बघून नवरा दोन्ही पोरांसकट आत गेला. ताईने स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं.

"सांग."

"काय सांगू? मोठे, म्हणायची मला. मोठे, तू आहेस म्हणून माझं निभतंय. सगळं सोडून इतक्या लांबून आलीस. आणि ती धाकटी बघ, इथल्या इथे राहते, पण तोंड दाखवत नाही."

ताईने तोंडावर हात घेतला. "रोज?"

"रोज. भरवत असले तरी, अंग पुसत असले तरी. पहिल्यांदा सांगायचे, आई, अगं मीच धाकटी. तर रडायला लागायची, मोठी गेली का मला टाकून म्हणून. मग मी सांगणं सोडलं. मग तूच झाले मी."

"आणि मी इथे..."

"तू गप्प बस, मला बोलू दे. मी माझी बाजू घ्यायचे. म्हणायचे, आई, धाकटीची पोरं लहान आहेत, नोकरी आहे, जमत नाही गं तिला. तर म्हणायची, पोरं काय हिलाच झाली जगात? पोरं आहेत म्हणून कोणी आईला विसरतं? असं ती माझ्याच हातचा घास खात मला सांगायची."

ताई रडत होती, आणि रडता रडता तिला हसूही येत होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. धाकटीचंही तसंच झालं होतं. दोघी चड्ड्यांच्या दोरीखाली एकमेकींना धरून उभ्या होत्या.

"मग?" ताईने विचारलं. "मग तू काय म्हणायचीस?"

"काय म्हणणार? वाद घातला की ती जेवायची नाही." धाकटीने बाहीने नाक पुसलं. "म्हणायचे, हो ना आई. आहेच ती तशी."